वाचकांचे प्रश्न : आधी वाटणी, मग विरक्ती

प्रश्न : माझे वय ५९ असून मूळ गाव खानापूर तालुक्यात आहे. वडिलांची भातशेती होती. आयटीआय झाल्यावर मी बेळगावात लेथवर नोकरीला लागलो आणि पुढे उद्यमबागेत स्वतःचे मशीन शॉप सुरू केले. आज टिळकवाडीत घर आहे, हातात ऑर्डरी आहेत, कर्ज नाही. मुलगा पुण्यात आणि मुलगी बंगळूरला स्थिरावली आहे. गावाकडची जमीन मुख्य रस्त्याला लागून आल्याने काही वर्षांपूर्वी चांगल्या भावाने लेआउटसाठी विकली. दोघी बहिणींनी आधीच हक्कसोडपत्र करून दिलेले असल्यामुळे त्या व्यवहारात कसलीही अडचण आली नाही. इतके सगळे असूनही मनाला स्वस्थता नाही. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि मग झोप लागत नाही. जेवणात, नातेवाइकांत, टीव्हीत, कशातच मन रमत नाही. शांती मिळावी म्हणून मी देवस्थानांना देणग्या दिल्या, आषाढीची पायी वारी केली, दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. तिथे पहिल्याच दिवशी देणगी देऊ केली, तेव्हा शिबिर पूर्ण होईपर्यंत आम्ही पैसे घेत नाही असे सांगण्यात आले आणि का कोण जाणे, ते माझ्या मनाला लागले. पत्नी म्हणते, ‘बाहेर देत फिरण्यापेक्षा घरचं आधी बघा.’ मला मात्र वाटू लागले आहे की पैसा हेच माझ्या दुःखाचे मूळ आहे. कारखाना मोडून, येईल ती रक्कम एखाद्या आश्रमाला देऊन, उरलेले आयुष्य तिथेच साधनेत घालवावे काय?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपण थेट विचारले आहे, म्हणून उत्तरही थेट देते. आज तरी आश्रमात राहायला जाऊ नका, आणि कारखान्याचा कोणताही मोठा निर्णय या मनःस्थितीत घेऊ नका.

सर्वांत आधी झोपेबद्दल. रोज पहाटे तीनला जाग येणे, अन्नावरची वासना जाणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन न रमणे ही लक्षणे आध्यात्मिक तळमळीची असू शकतात, तशीच ती नैराश्याच्या आजाराचीही असू शकतात आणि हा फरक आपला आपल्याला कळत नाही. बेळगावातल्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला या आठवड्यातच भेटा; धारवाडची सरकारी मनोरुग्ण संस्थाही आपल्यापासून फार लांब नाही, आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते. औषध घेतल्याने साधनेत उणेपणा येतो, अशी समजूत आपल्याकडे अनेक भाविक घरांत आहे. ती चुकीची आहे आणि तिने पुष्कळ माणसांचे नुकसान केले आहे.

आता मूळ प्रश्न. पैसा हे दुःखाचे मूळ आहे, असे मला आपल्या पत्रातून दिसत नाही. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या अभ्यासकांनीही हा विषय बराच तपासला आहे. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० साली अमेरिकेतील माहितीवरून असे मांडले होते की वार्षिक उत्पन्न सुमारे ७५ हजार डॉलरच्या पलीकडे गेले की माणसाच्या रोजच्या मनःस्थितीत त्याने फारशी भर पडत नाही. हे मत जगभर पसरले. मॅथ्यू किलिंग्जवर्थ या दुसऱ्या अभ्यासकाला याच्या विरुद्ध चित्र दिसले, तेव्हा काहनेमन यांनी त्याच्याबरोबर बसून सारी आकडेमोड पुन्हा तपासली आणि २०२३ साली दोघांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह संयुक्त निष्कर्ष दिला : बहुतेक लोकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच राहते; ते थांबते फक्त सर्वांत दुःखी असलेल्या सुमारे १५ ते २० टक्के लोकांच्या बाबतीत. त्यांच्या दुःखाला एका मर्यादेनंतर पैसा पुरा पडत नाही, कारण ते दुःख वियोगाचे, तुटलेल्या नात्याचे किंवा आजाराचे असते. तेव्हा पैसा जवळ असल्याने आपण दुःखी आहात असे मानू नका. जे दुःख पैशाने फिटणारे नाही ते पैशाने फेडण्याचा प्रयत्न आपण बराच काळ करत आहात, असे मला वाटते.

शिबिरातला प्रसंग म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. विपश्यनेची ही परंपरा भारतात आणणारे सत्यनारायण गोएंका हे स्वतः ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी होते. अर्धशिशीच्या असह्य वेदनांनी त्रस्त होऊन १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा गुरूंनी त्यांना सुरुवातीला नकारच दिला. केवळ डोकेदुखी बरी व्हावी म्हणून येणार असाल तर ही विद्या त्यासाठी नाही, असे त्यांना सांगण्यात आले. हे ऊ बा खिन कोणी वनवासी नव्हते. ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते, दिवसभर देशाचा जमाखर्च पाहत आणि ध्यानही शिकवत. त्यांनी गोएंकांना व्यापार सोडायला लावले नाही. शिबिराचे शुल्क न घेण्याचा आणि शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच दान स्वीकारण्याचा नियम याच परंपरेतला आहे. आयुष्यात प्रथमच आपल्याला अशी जागा भेटली जिथे आपला पैसा आपल्या आधी पोहोचू शकला नाही. ते मनाला लागणे साहजिक होते. त्या टोचणीला अपमान समजून बाजूला सारू नका. त्या दहा दिवसांतला कदाचित तोच सर्वांत मोलाचा क्षण असेल.

आणि आता आपल्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे आपण ओघात लिहून पुढे गेलात : दोघी बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिलेले असल्यामुळे व्यवहारात कसलीही अडचण आली नाही. आपल्या या भागात, बेळगाव असो, खानापूर असो की चिकोडी-निपाणी, बहिणीचे हक्कसोडपत्र हा जणू रिवाजच झाला आहे. माहेर तुटू नये म्हणून, भावाचे मन दुखावू नये म्हणून, पुढे आजारपणात किंवा बाळंतपणात कोणाच्या दारात जायचे या धास्तीने बहिणी उपनिबंधक कार्यालयात येऊन सही करतात आणि चहा घेऊन परत जातात. कर्नाटकात १९९४ च्या कायद्याने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींसह सर्वांना देशभर मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मतःच असतो हे निर्विवाद केले. तरीही राजीखुशीने नोंदवलेले हक्कसोडपत्र कायद्याने टिकते, त्यामुळे न्यायालयाच्या दृष्टीने आपण मोकळे आहात. परंतु जी भातजमीन त्या वेळी दोन पोती जास्त की कमी एवढ्याच हिशेबाची होती, तिचे पुढे लेआउटच्या भावाने काय झाले, हे बहिणींनाही ठाऊक असेल. पत्नी ‘घरचं आधी बघा’ म्हणते ते कशाबद्दल, हे आपण तिला विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. आज संध्याकाळी विचारा.

आपल्या कानडी शेजाऱ्यांच्या घरांत आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांची कथा आदराने सांगितली जाते. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, हे शरण, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतले शिवभक्त, दांपत्य राहत असे. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणायचे आणि त्यातूनच जंगमांना, म्हणजे फिरत्या शिवसाधूंना, जेवू घालायचे, हे मारय्यांचे कायक, म्हणजे भक्ती मानून केलेले रोजचे कष्ट, होते. एके दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्माने ते घरात घेतले नाहीत. इतक्या तांदळाची हाव कशासाठी, हाव ही राजांना असते, शिवभक्ताला कुठून आली, असे विचारून जास्तीचे दाणे होते तिथे टाकून येण्यास तिने पतीला सांगितले. हे सांगायला तिला कोणत्याही मठाची दीक्षा लागली नाही. घरात आलेल्या धान्याचे माप तिला ठाऊक होते, तेवढे पुरेसे होते.

आपण सर्वस्व सोडून जाण्याचे म्हणता. सोडणाऱ्यांनी काय केले तेही पाहा. देहूच्या तुकोबांचे घराणे सावकारीचे. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली हे आपण सर्वजण सांगतो. परंतु परंपरा असेही सांगते की धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाटणीची खते त्यांनी आधी त्याच्या हवाली केली आणि केवळ आपल्या वाट्याची बुडवली. बृहदारण्यकोपनिषदातले याज्ञवल्क्य घर सोडायला निघतात तेव्हा त्यांचे पहिले वाक्य ब्रह्मविद्येचे नाही. मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी पत्नींमध्ये मालमत्तेची व्यवस्था लावून देतो, असे ते म्हणतात. या धनाने भरलेली सारी पृथ्वी माझी झाली तर मी अमर होईन का, हा मैत्रेयीचा विख्यात प्रश्न त्या वाटणीच्या बोलण्यातूनच पुढे येतो. जे आपले नाही त्याचा त्याग करता येत नाही. बहिणींच्या वाट्याची रक्कम आश्रमाच्या पावतीवर आपल्या नावाने चढली, तर ते आश्रमाच्या दृष्टीने दान असेल, बहिणींच्या दृष्टीने ते काय असेल, याचा विचार करा.

म्हणून माझे सांगणे असे की जमिनीच्या विक्रीचे कागद काढा, खर्च आणि कर वजा करून जे उरले त्याचे न्याय्य वाटे करा आणि दोघींचे वाटे त्यांना द्या. धनादेशाने द्या आणि नोंद ठेवा. सख्ख्या भावाकडून मिळालेल्या रकमेवर बहिणीला आयकर लागत नाही. ओवाळणी म्हणून देऊ नका, उपकाराचा सूर येईल. मेहुण्यांच्या हाती न देता बहिणींच्याच खात्यात द्या, आणि स्वतः त्यांच्या घरी जाऊन, उशीर झाला एवढे म्हणून द्या. त्या कदाचित नको म्हणतील. तरीही द्या. एखादी कदाचित रागावून बोलेल, मागचे सारे काढेल. ते ऐकून घेणे हाही त्या वाट्याचाच भाग आहे. यानंतर झोप लागेलच असे वचन मी देऊ शकत नाही, आणि झोप लागावी म्हणून हे करूही नका. त्यांचे आहे म्हणून करा.

कारखान्याबद्दल थोडेच लिहिते, कारण आपणही थोडेच लिहिले आहे. किती कामगार आहेत, त्यांतले किती आपल्याबरोबर वीस-वीस वर्षे आहेत, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरला जातो की नाही, यांपैकी एकही गोष्ट पत्रात आलेली नाही. कारखाना मोडला तर त्यांच्या घरच्या चुली कशा चालतील, याचा उल्लेखही नाही. कारखाना मोडण्याचा विचार करणाऱ्या माणसाच्या पत्रात तो असायला हवा होता.

साधनेची तहान मात्र खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. ती भागवण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. निंबाळचे गुरुदेव रामभाऊ रानडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, अलाहाबाद विद्यापीठापर्यंत गेले, मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांतल्या संतांवर त्यांनी अधिकाराने लिहिले आणि १९५७ साली देह ठेवेपर्यंत नामस्मरणाचा नेम चुकू दिला नाही. त्यांनी उभारलेली संस्था आपल्या बेळगावातच आहे. बाळेकुंद्रीचे पंतमहाराज शिक्षकाची नोकरी करणारे गृहस्थाश्रमी होते. १९०५ साली त्यांनी देह ठेवला. आज आमराईतल्या त्यांच्या समाधीवर मोठा उत्सव भरतो, परंतु त्यांची साधना शाळेत शिकवून घरी परतणाऱ्या माणसाची होती. पहाटे तीनला जाग येतेच आहे, तर औषधोपचार सुरू ठेवून तो वेळ नामाला द्या. रोज, ठरल्या जागी, ठरल्या वेळी. वर्षभराने आश्रमात जावेसे वाटले तर पुन्हा लिहा. त्या वेळी माझे उत्तर वेगळे असू शकेल.

प्रश्न : मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे. तिच्या खोकल्याचा आवाज अजून कानात आहे. मी खासगी शाळेत शिक्षिका आहे, पगार तुटपुंजा आहे. संध्याकाळी शिकवण्या सुरू करून, थोडे कर्ज काढून स्वतःचे घर बांधावे असे मनात आहे. आमच्या भजनी मंडळातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणतात की गरिबीतच मन शुद्ध राहते, पैशामागे लागले की भक्ती आटते. मला अपराधी वाटते. अधिक मिळवावेसे वाटणे हा लोभ आहे का?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, नाही. शिकवण्या जरूर सुरू करा.

गरिबी मन शुद्ध करते, हे म्हणणे बहुधा अशा माणसांचे असते ज्यांना तिची धग आता लागत नाही, किंवा ज्यांनी सोसलेल्या हालांना काही अर्थ असावा म्हणून ती समजूत मनाशी धरलेली असते. आपल्या मंडळातल्या बाई दुसऱ्या प्रकारच्या असतील, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. पण त्यांचे ऐकून थांबूही नका. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करत गेली. त्या मृत्यूला त्यांनी कधी देवाची कृपा म्हणून मिरवले नाही; त्याची लाज आणि दुःख त्यांच्या शब्दांत उघड आहे. धन मिळवू नका असेही त्यांनी सांगितले नाही. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ असे त्यांचे सांगणे आहे : चांगल्या मार्गाने मिळवा आणि आसक्ती न ठेवता खर्च करा. त्याच अभंगात पुढे गाईगुरांचे पालन, तहानलेल्याला पाणी देणे, वडिलांचा मान वाढवणे ही कामे येतात, आणि ती करायला गाठीला काहीतरी असावे लागते.

स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावात राहून गेले, त्यांचा मुक्काम होता ती किल्ल्यातली वास्तू आज रामकृष्ण मिशनकडे आहे. रिकाम्या पोटी धर्म होत नाही, हे आपल्या गुरूंचे वचन ते पुन्हा पुन्हा सांगत. हे वचन मला निपाणीशी फार जवळचे वाटते. १९८१ साली तंबाखूला योग्य दर मिळावा म्हणून आपल्या गावच्या परिसरातले शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबार झाला, माणसे मेली. वखारीतल्या बायांनीही धुळीत आणि उकाड्यात काम करत संघटित होऊन आपली मजुरी मागितली. कष्टाचा दर मागणाऱ्या त्या माणसांना लोभी म्हणण्याची आपली कोणाची जीभ रेटणार नाही. मग त्यांच्यातल्याच एका आईची लेक शिकवण्या घेऊन घर बांधू पाहते, तर तिने स्वतःला लोभी का म्हणावे?

एक काळजी मात्र जरूर घ्या. घराच्या कर्जाचा हप्ता शिकवण्यांच्या कमाईवर अवलंबून ठेवू नका, कारण सुट्टीच्या दिवसांत ती थांबते. पगारातून झेपेल एवढाच हप्ता ठरवा. नाहीतर पुढची पंधरा वर्षे भजनाला बसले तरी मन तारखेकडे लागलेले राहील, आणि मग त्या बाईंचे म्हणणे वेगळ्याच कारणाने खरे ठरेल. शिकवणीला येणाऱ्यांत एक-दोन मुले फी न देऊ शकणारी असतील. त्यांना मागच्या रांगेत बसवू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराला मी माझ्या ऐपतीच्या मानाने मोठी रक्कम दिली. फलकावर माझे नाव खालच्या ओळीत, बारीक अक्षरांत आले आणि ज्यांनी नुसते आश्वासन दिले त्यांचे वर मोठ्या अक्षरांत. मन खट्टू झाले आहे. हा माझा अहंकार की माझ्यावर झालेला अन्याय? मी समितीकडे बोलावे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : दोन्ही थोडे थोडे आहे. नावाची अपेक्षा होती आणि ती पुरी झाली नाही, हे स्वतःशी कबूल करा. त्यात मोठे पाप नाही. आपल्याच तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा जिथे कृष्णेला मिळते, त्या कूडलसंगमाशी बसवण्णांचे नाव जोडलेले आहे. त्यांचे एक वचन आपल्याकडच्या कानडी मित्रांना पाठ असते : ज्यांच्यापाशी धन आहे ते शिवालये बांधतील, मी गरीब काय बांधणार, माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, मस्तक हाच सोन्याचा कळस. उभारलेले ढासळते आणि चालते-बोलते टिकते, असे ते शेवटी म्हणतात. फलक हा उभारलेल्यापैकी आहे. अक्षरांच्या आकारासाठी समितीकडे जाऊ नका, कारण दुरुस्त होऊन नाव वर गेले तरी मनाला झालेली जखम त्याने भरणार नाही, आणि गावात मात्र ती गोष्ट कायमची राहील.

पैशाचा हिशेब ही मात्र वेगळी बाब आहे. ज्यांनी आश्वासन दिले त्यांची रक्कम आली की नाही, दगड, लाकूड आणि कारागिरांची मजुरी यांवर किती गेले, शिल्लक कोणाच्या नावावर आहे, हे विचारण्याचा हक्क देणाऱ्या प्रत्येकाला आहे, शंभर रुपये देणाऱ्या म्हातारीलाही. पुढच्या बैठकीत जमाखर्च वाचून दाखवावा आणि त्याची प्रत देवळाच्या दारावर लावावी, अशी लेखी मागणी चार-पाच जणांच्या सह्यांनी करा. त्या अर्जात फलकाचा विषय काढू नका.